कंस मिटव, मग झोपायला जा

भाच्या, माइनक्राफ्टच्या चौकोनी ठोकळ्यांच्या जगात कुंटाल्याचा धबधबा पाडायची तुझी कल्पना मला मनापासून आवडली. पऱ्हाटीचं बोंड, पैनगंगेचा काठ, आदिलाबादच्या मार्केट यार्डातली कापसाची गाडी, हे सगळं बाहेरून येऊन त्या खेळात कुणी घालणार नाही. ते जैनथ, बेला, तलमडुगूच्या पोरांनीच घालायचं. तुझी ताई चित्रं सुरेख काढते, कल्पनेला तुमच्याकडे तोटा नाही. ॲड-ऑन अडतो तो वीस-पंचवीस ओळींच्या फाइलीतल्या एखाद्या चिन्हापाशी, आणि मग रात्री अकराला मला अर्धा कापलेला फोटो येतो, ‘मामा, पॅक चालत नाही.’ चूक नेमकी कापलेल्या अर्ध्यात असते, राजा.

म्हणून हे लिहून देतो. फोनवर चालते त्या बेडरॉक आवृत्तीचं सांगतोय, आणि तिच्या फाइली असतात जेसन नावाच्या मांडणीतल्या. एका दमात वाचू नकोस, अडशील तिथलं बघ.

हात लावण्याआधी

१. फाइल उघडण्याआधी तिची प्रत कर आणि प्रतीच्या नावात तारीख घाल — आधी प्रत, मग हात. बिघडलेलं सुधारेलच असं नाही, पण काल चालत होतं ते परत आणता येतं.

२. ती प्रत खेळाच्या पॅकांच्या फोल्डरात ठेवू नकोस, दुसरीकडे ठेव — आत राहिली तर एकाच ओळखक्रमांकाचे दोन पॅक होतात, आणि खेळ त्यातला कुठला उचलेल याचा भरवसा नाही.

३. वर्डमध्ये किंवा गूगल डॉक्समध्ये ही फाइल उघडायची नाही — ते तुझे सरळ अवतरण सुबक वळणदार करून ठेवतात, आणि जेसनला ते वळण चालत नाही. संगणकावर व्हीएस कोड फुकट मिळतो, तो घे.

४. विंडोजमध्ये फाइलीचं पूर्ण नाव, शेपटासकट, दिसेल अशी सोय पहिल्याच दिवशी करून ठेव — नाहीतर तुला ‘मॅनिफेस्ट डॉट जेसन’ दिसतं आणि खरं नाव असतं ‘मॅनिफेस्ट डॉट जेसन डॉट टीएक्सटी’. मग खेळाला ती फाइल सापडत नाही, आणि तू आतल्या ओळी तपासत बसतोस.

५. खेळाच्या सेटिंग्जमध्ये क्रिएटर नावाचा विभाग आहे, तिथे कंटेंट लॉग चालू कर — त्याशिवाय खेळ चुकीची फाइल मुकाट्याने सोडून देतो आणि तुला फक्त रिकामी जागा दिसते.

६. पावसाळ्यात दर दोन-चार ओळींनी सेव्ह कर — वीज आपल्याला विचारून जात नाही.

तीन कळफलकांचं घर

इथे जरा थांब, कारण हे हैदराबादचा किंवा पुण्याचा शिकवणारा तुला सांगणार नाही. आपल्याकडे घरात मराठी, बाजारात तेलुगू, शाळेच्या वहीत इंग्रजी. फोनवर तिन्ही कळफलक, आणि बोट एकावरून दुसऱ्यावर कधी गेलं ते कळतही नाही. आपल्या भागातल्या पोरांच्या फाइलींत मला दिसणाऱ्या निम्म्याहून अधिक चुका इथूनच येतात. त्यात बुद्धीची उणीव काही नाही. तीन भाषा हे आपलं धन आहे, फक्त ते कुठे मांडायचं ते ठरवून घ्यायचं.

७. एवढं पाठ कर : अवतरणाच्या आत आपलं राज्य, बाहेर यंत्राचं. — पॅकचं नाव आणि वर्णन तू खुशाल मराठीत लिही, तेलुगूत लिही. पण कंस, कॉमा, कोलन, आकडे आणि नेमलेले शब्द इंग्रजी कळफलकावरचेच हवेत.

८. कोलन टाकताना तो विसर्ग तर नाही ना, हे बघ — मराठी कळफलकावरचा विसर्ग दिसायला हुबेहूब दोन टिंबं, पण यंत्राच्या लेखी ते वेगळंच अक्षर. डोळ्यांनी ही चूक पकडता येत नाही. संशय आला की ते चिन्ह खोडून इंग्रजी कळफलकाने पुन्हा टाक.

९. आकडे इंग्रजी कळफलकाचेच घे — आपला ‘५’ आपल्याला पाच आहे, जेसनला तो आकडाच वाटत नाही. अवतरणाच्या आत, वर्णनात, मात्र हवा तर ठेव. तिथे तो नुसता मजकूर असतो.

१०. प्रत्येक अवतरण सरळ आणि दुहेरी आहे का पाहा, ओळीच्या दोन्ही टोकांना — फोनचा कळफलक कधी वळणदार अवतरण देतो, आणि एक टोक सरळ, एक वाकडं झालं की यंत्राला तो मजकूर संपलेलाच दिसत नाही.

११. एकेरी अवतरण वापरू नकोस, दुसऱ्या एखाद्या भाषेत चालत असलं तरी — जेसनच्या नियमांत त्याला जागा नाही.

१२. ‘पऱ्हाटी’, ‘दुसऱ्या’ असे शब्द टंकताना काही कळफलक सोबत शून्य रुंदीचं एक अदृश्य अक्षर घालतात; असा शब्द खोडलास तर मागेपुढे काही उरलं नाही ना ते पाहा — अवतरणाबाहेर राहिलेलं ते न दिसणारं अक्षर अख्खी फाइल अडवतं. व्हीएस कोड अशा अदृश्य अक्षरांभोवती चौकट काढून दाखवतो, तिच्याकडे दुर्लक्ष करू नकोस.

१३. कुठल्या पानावरून नमुना उचललास तर मोकळ्या जागा खोडून स्पेसबार दाबून पुन्हा टाक — जेसनला साधी स्पेस, टॅब आणि ओळ बदलण्याची दोन चिन्हं, एवढ्या चारच मोकळ्या जागा मान्य आहेत. छापील सजावटीतून येणारी ‘न तुटणारी’ स्पेस त्यांत बसत नाही.

१४. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठव, आणि ‘बीओएम’विना असा पर्याय दिसला तर तोच निवड — २०१७ सालच्या जेसनच्या प्रमाण दस्तऐवजात हेच सांगितलं आहे, सुरुवातीला चिकटणारी ती खूण काही वाचक सोसतात, काही पहिल्याच अक्षराला अडतात.

१५. यूटीएफ-८ आहे म्हणून गोंडी मित्राचं नावही त्याच्या लिपीत घाल, अडचण नाही — आपल्याच जिल्ह्यातल्या गुंजाला गावच्या पोथ्यांमुळे ओळखली जाणारी गुंजाला गोंडी लिपी २०१८ पासून युनिकोडमध्ये आहे. खेळात तिथे कोरे चौकोन दिसले तर तो फॉन्टचा प्रश्न. फाइलीचं व्याकरण उकरायला बसू नकोस.

१६. मराठी मजकूर आधी वेगळ्या ठिकाणी लिही, मग अवतरणांच्या मधोमध चिकटव — म्हणजे फाइल उघडी असताना कळफलक इंग्रजीवरून हलवावाच लागत नाही, आणि वर सांगितलेल्यापैकी बहुतेक भानगडी जन्मालाच येत नाहीत.

१७. ठोकळ्याचं रोमन नाव एकदा ठरव, कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटव, आणि सगळीकडे तेच वापर — नदी एकच, पण महाराष्ट्राच्या पाटीवर ती पैनगंगा आणि तेलंगणाच्या पाटीवर पेनगंगा. आपण दोन्ही वाचून पुढे जातो. यंत्र दोन वेगळ्या नद्या समजून एकीचं चित्र शोधत राहतं.

१८. फाइलींची आणि ठोकळ्यांची नावं छोट्या रोमन अक्षरांत ठेव, मध्ये स्पेस न देता — विंडोज सहसा मोठ्या-छोट्या अक्षरांत भेद करत नाही, पण सगळीच यंत्रं तेवढी उदार नसतात.

कंस, कॉमा आणि त्यांचे रुसवे

१९. यादीतल्या शेवटच्या गोष्टीनंतर कॉमा नाही — कॉमा दोघांत शोभतो, एकट्याला लोंबतो. शेवटची ओळ खोडलीस की तिच्या वरच्या ओळीचा कॉमा लगेच बघ, कारण आता शेवटची ती झाली.

२०. तसंच, खाली नवी ओळ जोडलीस की आधी वरच्या ओळीला कॉमा दे, मग खालची लिही — उलट क्रमाने केलंस की ताई हाक मारते आणि कॉमा राहून जातो.

२१. कंस उघडलास की त्याच क्षणी मिटव, मग मध्ये बोट नेऊन लिही — उघडा राहिला कंस, तर नाही उसंत. रात्री काम अर्धवट ठेवायचं असलं तरी कंस मिटवूनच झोपायला जा. सकाळी कुठला उघडा होता ते कुणाला आठवत नाही.

२२. महिरपी कंस नाव-किंमतीच्या जोड्यांना, चौकटी कंस नुसत्या यादीला — एकाने उघडून दुसऱ्याने मिटवलंस तर मोजणी बरोबर येते आणि फाइल तरी चालत नाही.

२३. व्हीएस कोडमध्ये ‘फॉरमॅट डॉक्युमेंट’ रोज दाब — ओळी नीट आत सरकल्या की जिथे सरकणं बिघडलेलं दिसतं तिथेच कंस चुकलेला असतो, शोधावं लागत नाही.

२४. हो-नाही सांगणारे ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ छोट्या अक्षरांत, अवतरणाविना लिही — अवतरणात घातलेस की ते हो-नाही राहत नाहीत, मजकूर होतात.

२५. दशांश लिहिताना टिंबाआधी शून्य दे, पण पूर्ण आकड्याआधी शून्य देऊ नकोस — अर्धा म्हणजे ‘शून्य टिंब पाच’. आणि सातच्या आधी शून्य लावायची सवय फॉर्म भरताना चालते, जेसनमध्ये नाही.

२६. स्वतःसाठी टिपा लिहायच्या असतील तर वेगळ्या फाइलीत लिही — डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसनची मांडणी करताना टिपांची सोय जाणूनबुजून काढून टाकली. माइनक्राफ्ट दोन तिरक्या रेघांची टीप पुष्कळ ठिकाणी सोसतो, पण तीच फाइल कडक तपासणीच्या साधनात घातलीस की ते साधन टिपेवरच ओरडतं आणि खरी चूक मागे राहते.

२७. एकाच कंसात एकच नाव दोनदा लिहू नकोस — यात व्याकरणाची चूक दिसत नाही, म्हणून पुष्कळ साधनं सांगतही नाहीत. बहुतेक वाचक शेवटचं घेतात आणि तू पहिलं बदलत बसतोस.

२८. चित्राचा पत्ता लिहिताना पुढे झुकणारी रेघ वापर, मागे झुकणारी नको — मागे झुकणारी रेघ जेसनमध्ये पुढच्या अक्षराचा अर्थ बदलते, तिचं काम निराळं आहे.

खेळ तक्रार करतो तेव्हा

२९. लॉगमध्ये दहा तक्रारी दिसल्या तरी प्रत्येक फाइलीची पहिलीच वाच — पुढच्या पुष्कळशा तिच्याच पोटच्या असतात; पहिली मिटली की त्या आपोआप जातात.

३०. तक्रारीत जी ओळ सांगितली असेल तिथून वर चढत बघ — यंत्र जिथे गोंधळलं ती जागा सांगतं, तुझा हात जिथे चुकला ती नव्हे. चौदाव्या ओळीवर तक्रार असली तर विसरलेला कॉमा बहुधा तेराव्या ओळीच्या शेवटी सापडतो.

३१. फाइल अचानक संपली अशी तक्रार आली तर शेवटची ओळ न्याहाळू नकोस, कंस मोज — कुठेतरी वर एक उघडा आहे आणि यंत्र शेवटपर्यंत त्याच्या जोडीदाराची वाट बघत आलं.

३२. चूक सापडतच नसेल तर प्रतीवर काम कर : अर्धा भाग पुऱ्या कंसांसकट काढ आणि तपास — चालली तर चूक काढलेल्या अर्ध्यात, नाही चालली तर उरलेल्या अर्ध्यात. शंभर ओळींची फाइलही सहा-सात वेळा अर्धी केली की बोटभर उरते.

३३. एका वेळी एकच बदल, मग खेळ उघडून बघ — पाच बदल एकदम केलेस तर का चाललं तेही कळत नाही आणि का चाललं नाही तेही.

३४. न चालणारी फाइल चालणाऱ्या फाइलीशेजारी उघड, व्हीएस कोड दोन्हींतला फरक रंगवून दाखवतो — इथेच पहिल्या मुद्द्यातली प्रत कामाला येते.

३५. तासभर तीच ओळ बघत असशील तर ताईला ती चिन्हांसकट मोठ्याने वाचायला सांग — तुझा डोळा तुला हवं ते वाचतो, तिचा डोळा लिहिलेलं वाचतो.

३६. मदत मागताना फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव, मेसेजमध्ये चिकटवून नको. आणि तक्रार पूर्ण पाठव — व्हॉट्सॲपमधून चार-पाच मेसेज एकदम कॉपी केले की मध्ये तारीख, वेळ आणि तुझं नावही येतं, मग मी तुझंच नाव खोडत बसतो. अकरानंतर पाठवलंस तरी चालेल, बघतो मी. पण पूर्ण पाठव, भाच्या.

मॅनिफेस्टचं वेगळं सांगतो

३७. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे पॅकची ओळख सांगणाऱ्या फाइलीत, निदान दोन यूयूआयडी लागतात, एक हेडरला आणि एक मॉड्यूलला, आणि ते दोन्ही वेगळे हवेत — हेच ओळखक्रमांक बघून खेळ पॅक ओळखतो. मित्राच्या पॅकमधून मॅनिफेस्ट उचललास तर दोन्ही नवे करून घे.

३८. यूयूआयडी हाताने रचू नकोस, बनवणाऱ्या साधनातून घे — त्यात आकड्यांखेरीज ‘ए’ ते ‘एफ’ एवढीच अक्षरं चालतात, आठ-चार-चार-चार-बारा अशा गटांत. आपल्या नावाची अक्षरं त्यात गुंफायचा मोह प्रत्येकाला होतो.

३९. आवृत्ती चौकटी कंसात तीन सुट्या आकड्यांनी लिही, मध्ये कॉमा, अवतरण नाही — तुझ्या मॅनिफेस्टची फॉरमॅट आवृत्ती दोन आहे आणि तिथे हीच रीत.

४०. चित्रांच्या पॅकच्या मॉड्यूलचा प्रकार ‘रिसोर्सेस’, वागणुकीच्या पॅकचा ‘डेटा’ — अदलाबदल झाली तरी जेसन तपासणारं साधन फाइल शुद्धच म्हणेल, कारण त्याला फक्त चिन्हं कळतात.

४१. एका पॅकने दुसऱ्यावर अवलंबून राहायचं असेल तर ‘डिपेंडन्सीज’मध्ये त्या दुसऱ्याच्या हेडरचा यूयूआयडी लिही — मॉड्यूलचा लिहिलास तर जोडी जुळत नाही.

४२. दुरुस्त केलेला पॅक पुन्हा आयात करताना आवृत्तीचा शेवटचा आकडा एकाने वाढव — नाहीतर खेळ ‘हा पॅक आधीच आहे’ म्हणून नवा घेत नाही, आणि तू जुन्यालाच तपासत राहतोस. संगणकावर काम करत असशील तर डेव्हलपमेंट नावाच्या फोल्डरात ठेव, तिथे हा सोपस्कार लागत नाही.

४३. झिप करताना फोल्डरात शिरून आतल्या फाइली निवड, मग झिप कर — मॅनिफेस्ट झिपच्या वरच्याच पायरीवर असावा, फोल्डरात फोल्डर होऊन तो आत दडू नये.

दुसरे खेळ खेळशील तर

४४. फार्मिंग सिम्युलेटरच्या मॉडची मुख्य फाइल एक्सएमएलची असते. तिथे उघडलेला प्रत्येक टॅग त्याच स्पेलिंगने मिटव — एक्सएमएलच्या १९९८ सालच्या पहिल्या प्रमाणापासूनच नियम आहे की अशी चूक दिसली की वाचकाने तिथेच थांबावं, अंदाजाने पुढे जाऊ नये. या खेळात २०१८ साली आलेल्या आवृत्तीपासून कापूसही पेरता येतो, यंत्राने वेचायचा; आपल्या बायामाणसांच्या हातची वेचणी त्यात कुणी आणली तर मला फार आनंद होईल.

४५. एक्सएमएलमध्ये ‘आणि’चं अँड चिन्ह नुसतं टाकू नकोस, त्यापुढे ए-एम-पी आणि अर्धविराम दे — नुसतं चिन्ह तिथे एका संकेताची सुरुवात समजलं जातं.

४६. पैसे मोजून खेळ घेणं जमत नसेल तर लुआंटी घे, पूर्वी त्याला माइनटेस्ट म्हणत — तो मुक्त आणि फुकट आहे, जुन्या संगणकावरही चालतो. त्याच्या लुआ भाषेत यादीच्या शेवटचा कॉमा चालतो. ती सवय घेऊन जेसनमध्ये येऊ नकोस.

फाइल शुद्ध झाली, आता मजकूर

४७. वर्णनातली माहितीही तपास — जेसन शुद्ध असून गावाचा पत्ता चुकला तर ते कुठलंच साधन सांगणार नाही. कुंटाला कडेम नदीवर, नेरडिगोंडा मंडलात, आपल्याच जिल्ह्यात. निर्मळची लाकडी खेळणी मात्र ११ ऑक्टोबर २०१६ पासून निर्मळ जिल्ह्याची, तेव्हा तिथे ‘आदिलाबाद जिल्हा’ लिहू नकोस.

४८. केसलापूरच्या नागोबाचं देऊळ बांधायचं मनात असेल तर आधी मेस्राम घराण्यातल्या थोरांना विचार — ते त्यांचं दैवत आहे. खेळात कुणी कुदळीने ठोकळा फोडू शकतो, हे त्यांना सांगून मगच होकार घे.

४९. वाटण्याआधी पॅक अशा फोनवर चालवून बघ ज्यात तुझी एकही जुनी फाइल नाही — तुझ्या फोनवर राहिलेली जुनी चित्रं नव्या चुका झाकतात. बेल्याच्या तुझ्या दोस्ताचा फोन माग, पॅक आयात करायला लाव, आणि लॉग रिकामा दिसला की ताईला बोलावून धबधबा दाखव.